कोरडवाहूतलं हिरवं वावर

श्रावण निम्मा सरला आणि माळावरच्या सोयाबीनची पानं दुपारच्या उन्हात उलटी व्हायला लागली. ओढ्याच्या खालच्या अंगाला ऊस हिरवागार उभा होता. त्याला नदीच्या पाण्याची स्कीम होती. वर माळाला होता तो नुसता वारा. कागलच्या बाजूनं सुटायचा आणि आलेले ढग सरळ कर्नाटकात हाकलून द्यायचा.

चन्नाप्पा रोज सकाळी वावरात जाऊन एक शेंग फोडून बघायचा. दाणा धरला होता, पण नखावर घेतला तर दिसू नये एवढा. पन्नाशी उलटलेला हा माणूस शेतीला फार नेटका. बियाला औषध चोळल्याशिवाय पेरायचा नाही, शेणखत चुकवायचा नाही, रुंद वरंब्यावर दोरी धरून टोकणणी करायचा. येणारा-जाणारा त्याच्या बांधावर घटकाभर थांबायचा, आणि चन्नाप्पा लांबून ते बघत राहायचा. तेच वावर आता करपणार, आणि तेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, हे त्याला सोसेना.

त्याच्या बांधाला लागून संग्राम कांबळेची विहीर होती. जुन्या वतनाच्या जमिनीत संग्रामच्या बापानं सरकारी योजनेतून पाडलेली. संग्रामचं स्वतःचं सोयाबीन होतं टेकाडापलीकडं, तिथवर मोटर पाणी चढवत नव्हती. विहिरीचं पाणी तो मक्याला आणि हत्तीगवताला द्यायचा. दोन म्हशी होत्या आणि घर त्यांच्यावरच चालायचं.

एका सांजेला चन्नाप्पा बांधावर जाऊन उभा राहिला. संग्राम मका कापत होता.

"पाऊस काय दिसना, संग्रामा."

"न्हाय वो आण्णा. हवेत गारवा बी न्हाय."

"शेंगात दाणा धरलाय. एवढ्यात जर..." चन्नाप्पा थांबला. पुढचं वाक्य त्याच्या तोंडाला येईना. त्या बांधावरून चन्नाप्पाच्या घरानं आजवर कांबळ्यांना हाक दिली होती ती कामाला या म्हणून. काही मागायला कुणी उभं राहिलं नव्हतं.

संग्रामनं पेंढी बांधली. विहिरीकडं बघितलं, मग आभाळाकडं, मग चन्नाप्पाच्या तोंडाकडं.

"पायपा हायत न्हवं तुमच्याकडं?"

"हायत."

"मग टाका की. ह्या आठवड्यात लाईट रातची हाय. म्या मोटर सोडतो."

"आणि तुझा मका?"

"बघू की. म्हशी काय, बांधाचं गवत बी खात्यात."

दोन रात्री पाणी चाललं. संग्राम पायपांचे जोड घट्ट करत, चिखलात पाय रोवून चन्नाप्पाच्या बरोबरीनं फिरला. घरी म्हातारी बसव्वानं विचारलं, "कुणाचं पानी रं?" चन्नाप्पा पाय धूत म्हणाला, "पाटलाच्या बोरचं, अव्वा." का म्हणाला ते त्यालाही कळलं नाही. तोंडातून गेलं ते गेलं.

विहीर तळाला गेली. संग्रामचा मका पिवळा पडून वाळला आणि त्याची आई यल्लव्वा विळा घेऊन लोकांच्या बांधाबांधानं गवत कापत हिंडायला लागली. चन्नाप्पाच्या सोयाबीननं मात्र मान वर काढली. पाऊस आला तो पार भादव्यात, शिंतडल्यासारखा, आणि तोवर माळावरची बाकी सगळी वावरं पाचोळा झाली होती.

गावाला आता आशा होती ती विम्याची. गावातली चार वावरं चिठ्ठ्या टाकून काढायची, त्यात दोरीनं चौकोन आखायचा, तेवढं पीक कापून, मळून, वजन करायचं. चारी मिळून सरासरी ठरलेल्या रेघेखाली गेली तर सगळ्या गावाला विमा, वर गेली तर कुणालाच नाही. हे बारक्या पोराला सुद्धा पाठ झालं होतं. तीन वावरं कापून झाली होती आणि तिन्हींत घमेलंभर माल निघाला नव्हता. लोक हसतमुखानं ते वाईट पीक बघत होते. चौथी चिठ्ठी चन्नाप्पाच्या गट नंबरची निघाली.

त्या दिवशी चन्नाप्पाच्या रानात कापणीच चालू होती. त्याच्या बायकोनं, दानेश्वरीनं, चार बायका रोजगारानं लावल्या होत्या. त्यात यल्लव्वा होती. मका गेल्यापासून ती कुणाकडंही जायची. कृषी सहायकाबरोबर एक शास्त्रज्ञ आला होता, विश्वजित नावाचा. सरकारी संशोधन केंद्रातला, तिशीच्या आतबाहेरचा, उन्हानं रापलेला. पावसात खंड पडला तर कोरडवाहू सोयाबीन कशानं टिकतं, यावर त्याचा अभ्यास होता, आणि त्यासाठी तो गावोगावच्या कापण्यांना स्वतः हजर राहायचा.

वावरात पाय टाकल्यावर तो थबकलाच. "आजूबाजूला सगळं करपलंय, आणि हे?"

खुट्ट्या ठोकल्या, दोरी ताणली. दूध संस्थेचा सेक्रेटरी जोतीराम आणि पाचसहा जण बांधावर जमले होते. विश्वजितनं वही काढली.

"पाणी दिलं होतं का, काका? दिलं असेल तर सांगा. मग हे वावर कोरडवाहूत धरता येत नाही. आपण दुसरी चिठ्ठी काढू."

चन्नाप्पानं वर बघितलं. बांधावर सगळे त्याच्याकडंच बघत होते. चार हातांवर यल्लव्वा खाली वाकलेली, मुठीत सोयाबीनची झाडं धरलेली. तिचा विळा थांबला होता.

"न्हाय," चन्नाप्पा म्हणाला. "पाणी कुठलं आणायचं माळावर?"

"मग केलंत काय?"

"बियाला चोळलं. शेणखत हुतं. रुंद वरंबा केला, टोकणणी वेळेत केली. वल धरून ऱ्हाती त्येनं."

"गावात एकच आण्णा बगा, सायेब," जोतीराम बांधावरनं ओरडला. "कोरड्यात पीक आणतोय गडी!"

चन्नाप्पाच्या छातीत ऊब आली. त्याच वेळी खरक् करून विळ्याचा आवाज झाला आणि यल्लव्वा पुढच्या झाडावर गेली.

दानेश्वरी किटलीतनं चहा घेऊन आली. विश्वजितला आणि सहायकाला कपबशी, बांधावरच्यांना स्टीलचे कप, बायकांना कागदी. यल्लव्वानं आपला कप घेतला आणि जरा लांब, दोन ओळींमधल्या तासात बसली. पिऊन झाल्यावर तो चुरगाळून कमरेला खोचला. रानात टाकला नाही.

मळणी झाली, काट्याला पिशवी लावली. काटा चांगलाच ओढला. सहायकानं बांधावर ऐकू जाईल असा आकडा वाचला. एकेक जण विडी पेटवून निघून गेला. विश्वजितनं शेंगांनी लगडलेलं एक झाड चन्नाप्पाच्या हातात देऊन त्याचा फोटो काढला.

संक्रांत झाली आणि बातमी आली. गावाची सरासरी रेघेच्या वर गेली होती. थोडीच, पण वर. विमा नाही.

लोकांनी सरकारला शिव्या घातल्या, कंपनीला घातल्या, चिठ्ठीला घातल्या. चन्नाप्पाला कुणी काही म्हणालं नाही. त्याचा काय दोष? त्यानं तर चांगलं पिकवलं. कोपऱ्यावर उभं राहून जोतीरामच म्हणाला, "आण्णा, तुमचं हात जरा कमी चाललं असतं तर बरं झालं असतं," आणि सगळे हसले. चन्नाप्पा पण हसला. ते हसू तोंडावर तसंच घेऊन घरी आला आणि गोठ्यात जाऊन शेण काढत बसला. गोठा सकाळीच झाडलेला होता.

पुढच्या बाजारी संग्रामनं एक म्हैस विकली. हिरवी वैरण नव्हती आणि विकत घ्यायला विम्याचे पैसेही नव्हते. माघ लागला तसा तो औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात हेल्पर म्हणून जायला लागला. पहाटे म्हैस पिळायची, डेअरीला दूध घालायचं, मोटारसायकलला किक मारायची, सांजेला परत. चन्नाप्पा आता विहिरीकडच्या वाटेनं रानात जाईना. ओढ्याकडनं वळसा घालून जायचा. दानेश्वरीनं एकदा विचारलं, "लांबनं का जातासा वो?" तर तिच्यावरच खेकसला. एक दिवस ओढ्यात यल्लव्वाच समोर आली, डोक्यावर गवताचा भारा. "या वाटंनं व्हय, आण्णा?" एवढंच म्हणाली. त्यानं भाऱ्याला हात लावावा म्हणून थांबली नाही आणि त्यानंही लावला नाही. ती पन्नास पावलं गेल्यावर त्याला वाटलं, लावायला पाहिजे होता.

मग विश्वजितचा फोन आला. कोल्हापुरात शेतकरी मेळावा होता. चन्नाप्पानं चार शब्द बोलावेत म्हणाला. नाही म्हणायला चन्नाप्पानं तोंड उघडलं आणि "येतो की," म्हणून गेला.

हॉल गच्च भरला होता. त्याला शाल दिली, नारळ दिला, स्टेजवर बसवलं. मागच्या पडद्यावर त्याचाच फोटो लागला. हातात ते लगडलेलं झाड. विश्वजित सांगत होता, शिवारात सगळं करपलं असताना ही पद्धत टिकली, पुढच्या हंगामाला सगळ्या कोरडवाहू गावांना हीच शिफारस करायचा विचार आहे. लोक फोनवर पडद्याचे फोटो काढत होते.

मधल्या रांगेतून गडहिंग्लजकडचा एक म्हातारा उठला. पटका गुंडाळलेला, हाडं वर आलेली.

"पावणं, आमी बी असंच क्येलं हुतं. वरंबा, टोकणणी, शेणखत, समदं. आमचं जळून ग्येलं. तुमचं कशानं ऱ्हायलं?"

माईक चन्नाप्पाच्या हातात होता. म्हातारा खरोखर विचारत होता, खोड काढायला नव्हे. त्याला पुढच्या साली पेरायचं होतं.

"जमिनीत फरक असतोय," चन्नाप्पा म्हणाला.

म्हातारा मान हलवून खाली बसला. पटलं असावं त्याला. आपल्याच जमिनीत खोट असल्यासारखा तो हातांकडं बघत राहिला, आणि ते चन्नाप्पाला स्टेजवरून दिसत होतं.

जेवणाच्या वेळी चन्नाप्पा विश्वजितला गाठून हॉलबाहेरच्या मांडवाच्या कडेला घेऊन गेला.

"सायेब, त्या वावराला पाणी दिलतं."

विश्वजितनं ताट खाली ठेवलं. "किती?"

"दोनदा. दाणा भरताना."

"मी तुम्हाला विचारलं होतं, काका."

"व्हय."

"सगळ्यांसमोर विचारलं होतं."

"व्हय, सायेब."

विश्वजितनं हॉलच्या दाराकडं बघितलं. आत त्याच्या शिफारशीचे कागद खुर्च्याखुर्च्यांवर वाटलेले होते. "शिफारस थांबवतो," तो म्हणाला. "जेवणानंतर आत जाऊन मीच सांगेन सगळ्यांना, की हा आकडा चुकीचा होता. वरिष्ठांनाही सांगेन. पण तुमच्या गावाच्या विम्याचं बंद झालंय. ते आता कोणी उघडणार नाही." मग वही काढून त्यानं विचारलं, "पाणी कुठलं?"

"शेजारच्या हिरीचं."

"कुणाची विहीर?"

चन्नाप्पानं शालीचं टोक मुठीत धरलं. "हाय... हाय एक जण. शेजारी."

विश्वजितनं वही मिटली. मग पेन खिशाला लावून आत गेला.

एस.टी.नं कागलला उतरून चन्नाप्पा गावात आला तो घरी न जाता थेट संग्रामच्या गोठ्याकडं गेला. शाल पिशवीत कोंबली होती. संग्राम कारखान्यातून येऊन, निळा शर्ट तसाच अंगावर ठेवून, म्हशीला पेंड चारत होता.

"संग्रामा, आज सांगून आलो म्या. त्या सायबाला. पाणी दिलतं म्हणून."

"काय म्हणला?"

"विम्याचं आता काय हुईत न्हाय म्हणला."

"ते म्हाईतच हाय की."

चन्नाप्पानं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. म्हशीनं कातडी थरथरवून तो झटकला. "तुझं लाईटचं कनेक्शन तुझ्या गटाचं. माझ्या रानात पाणी दिलं म्हणून सरकारी माणसानं तुला तरास द्याला नगो, म्हणून तवा गप बसलो बग."

संग्राम हसला. "आण्णा, लायनमन रोज माझ्या हिरीवर आंघुळ करतोय. त्यो मला काय तरास देणार?" त्यानं पाटी खाली ठेवली. "कुणाची हीर म्हणून सांगिटलासा?"

चन्नाप्पा म्हशीच्या दाव्याची गाठ चाचपत राहिला.

"आण्णा?"

"शेजाऱ्याची म्हणलो."

"शेजाऱ्याला नाव न्हाय?"

दारात यल्लव्वा जोंधळे पाखडत बसली होती. सुपाचा आवाज तेवढा चालू होता. संग्रामनं तिच्याकडं बघितलं नाही. आवाजही चढवला नाही.

"आई तितंच कापत हुती. तुमी न्हाय म्हणलासा ते ऐकून घरी आली आणि काय बोलली न्हाय. मला चार दिसानं सांगिटली. म्हणली, आपलं पाणी त्येंच्या रानात ग्येलं, त्येंच्या तोंडात काय आलं न्हाय." त्यानं पाटी परत उचलली. "म्हस ग्येली तेचं काय न्हाय वो. म्हस परत घेता येती."

चन्नाप्पा घरी आला. दानेश्वरीनं ताट वाढलं होतं. त्यानं पिशवी कोनाड्यात टाकली आणि आईपुढं बसला. बसव्वा अंथरुणावर बसून सुपारी कातरत होती. इतके महिने तो स्वतःला सांगत होता की म्हातारीला सोसायचं नाही. आयुष्यभर तिनं कांबळ्यांच्या वस्तीची सावली सुद्धा टाळली. तिच्यासाठीच आपलं तोंड बंद आहे.

"अव्वा, त्ये पाणी पाटलाच्या बोरचं न्हवतं. संग्रामच्या हिरीचं हुतं."

बसव्वानं अडकित्ता थांबवला नाही. "म्हाईत हाय की."

"कसं?"

"दुसऱ्या दिशी शेळी घिऊन रानात आलते की म्या. पायप कुणीकडनं आलंय ती दिसत न्हाय व्हय मला? डोळं ग्येल्यात व्हय माजं?"

"मग बोलली न्हाईस कशी?"

"तू न्हाय बोललास. म्हटलं, पोरगं लाजतंय तर लाजू दे."

 चन्नाप्पाला लपायला ते एक ठिकाण होतं, ते गेलं. पुढ्यात ताट तसंच निवत राहिलं.

सकाळी दूध संस्थेपुढं रोजच्यासारखी रांग होती. जोतीराम मापं घेत होता. संग्राम पुढं होता, हातात अर्धी किटली. चन्नाप्पा मागून आला आणि रांगेत उभा न राहता टेबलाशी गेला.

"जोतीराम, जरा थांब. समद्यास्नी सांगायचं हाय."

"काय वो आण्णा?"

"माझ्या सोयाबीनला पाणी दिलतं. सायबानं इचारलं तवा खोटं बोललो म्या. पाणी संग्राम कांबळेच्या हिरीचं हुतं. त्येनं स्वताचा मका वाळवून मला दिलतं."

जोतीरामनं माप खाली ठेवलं. मग सगळे एकदम बोलायला लागले. तुझ्यामुळं आमचा विमा गेला म्हणून एक जण अंगावर आला, दुसऱ्यानं त्याला मागं ओढलं. कुणी आई काढली. चन्नाप्पा हात खाली सोडून उभा होता. हे होणार ते त्याला ठाऊक होतं. पण मागून एक आवाज आला तो त्याच्या ध्यानीमनी नव्हता.

"आणि ह्यो संग्राम बी तसलाच की! तू कशाला दिलास रं पाणी? न्हाय दिलं असतंस तर ह्येचं बी करपलं असतं आणि समद्यास्नी मिळालं असतं!"

"व्हय की," आणखी दोघे म्हणाले. माना संग्रामकडं वळल्या.

चन्नाप्पा दोन पावलं पुढं सरकला. नाव घेतलं होतं ते फेडायला, आणि गावानं त्या नावावरच हात टाकला. "त्येचं काय न्हाय ह्यात," तो म्हणायला लागला, पण त्याचं आता कोण ऐकणार?

संग्रामनं किटली टेबलावर ठेवली.

"व्हय. दिलं," तो म्हणाला. "शेंगा भरत हुत्या. दिलं. उद्या तुझ्या भरत आसल्या तर तुला बी दीन."

ओरडणारा माणूस रांगेत मागं सरकला. संग्रामनं माप होईस्तोवर वाट बघितली, पावती घेतली आणि बाहेर पडला. जोतीरामनं इतकी वर्षं ज्याला आण्णा म्हटलं होतं, त्याच्याकडं न बघता हात पुढं केला. "आण हिकडं किटली, चन्नाप्पा."

दूध घालून चन्नाप्पा बाहेर आला तेव्हा संग्राम मोटारसायकलला रिकामी किटली अडकवत होता. कारखान्याची वेळ झाली होती. चन्नाप्पा जवळ जाऊन उभा राहिला. 

"आईनं सांगिटलंय," संग्राम किटलीचा हूक घट्ट करत म्हणाला, "औंदा बी पावसाचं काय खरं न्हाय म्हणं."

"व्हय," चन्नाप्पा म्हणाला.

"लागलं पाणी तर या, आण्णा." त्यानं किक मारली. "खरं, दिवसा या मागाय."

गाडी चढाला लागून वळणाआड गेली. चन्नाप्पा रिकामी किटली घेऊन, रांगेतल्या माणसांच्या समोरून, विहिरीकडच्या वाटेनं रानाकडं चालायला लागला.